मेमंद : वर्षात तीन ठिकाणी राहणाऱ्या गावाची मोजदाद

इराणच्या २००६ च्या जनगणनेत एक साधी नोंद आहे. गाव मेमंद, देहेस्तान मेमंद, मध्य बख्श, शहरेस्तान शहर-ए बाबक, ओस्तान केरमान. लोकसंख्या ६७३, कुटुंबे १८१. कुठल्याही गावाबद्दल माणूस पहिल्यांदा जे दोन प्रश्न विचारतो, म्हणजे गाव कुठे आहे आणि वस्ती किती, त्यांची उत्तरे या एका ओळीत आली. नोंद खोटी नाही. पण तिच्यावर विसंबून कोणी भर जुलैत मेमंदच्या दगडी घरांपुढे जाऊन उभा राहिला, तर त्याला ६७३ माणसे सापडायची नाहीत. जुन्या रिवाजाप्रमाणे त्या दिवसांत गाव तिथे नसतेच. ते ओढ्याकाठच्या बागांत गेलेले असते आणि त्याआधी वसंतात माळावर असते.

लोकसंख्येचा भूगोल शिकताना स्थान आणि संख्या या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून समोर येतात. नकाशावर एक ठिपका असतो आणि त्याशेजारी एक आकडा. मेमंदच्या बाबतीत ही विभागणी टिकत नाही. कोणत्या महिन्यात मोजले आणि कोणत्या नियमाने मोजले, हे सांगितल्याशिवाय ठिपकाही अर्धा आणि आकडाही अर्धा. म्हणून हे प्रकरण.

पत्ता

इराणची कारभारी उतरंड आपल्याला परकी वाटत नाही. वर ओस्तान म्हणजे प्रांत, त्याखाली शहरेस्तान, मग बख्श, त्याखाली पाचपंचवीस गावांचे देहेस्तान आणि सगळ्यात शेवटी आबादी, म्हणजे एकेक वस्ती. मेमंद हे आपल्याच नावाच्या देहेस्तानातले गाव. केरमान प्रांताच्या पश्चिम भागात शहर-ए बाबक हे तालुक्याचे म्हणावे असे शहर आहे. तिथून ईशान्येला पस्तीसेक किलोमीटर गेले की एक दरी लागते आणि दरीच्या टोकाला हे गाव. स्थूलमानाने अक्षांश ३० उत्तर, रेखांश ५५ पूर्व. इराणच्या मध्य डोंगररांगा दक्षिणेकडे जिथे संपत येतात ती ही जागा. समुद्रसपाटीपासून उंची साधारण २२०० मीटर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही साडेपाचशे मीटर वर. पाऊस बेताचा, हिवाळा कडाक्याचा. वाळवंटाच्या कडेचे गाव म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तापलेली रेती येते. इथे मात्र वर्षाचे नियोजन थंडीला धरून केलेले आहे.

नावावरून घोटाळा होतो, तोही निस्तरायला हवा. फार्स प्रांतात मेमंद नावाचेच एक शहर आहे, गुलाबपाण्यासाठी ओळखले जाणारे. गझनीच्या महमूदाचा वजीर अहमद मेमंदी हा तिसऱ्याच, आजच्या अफगाणिस्तानातल्या मेमंदचा. आणि इंग्रजी नकाशे चाळणाऱ्याला याच उच्चाराच्या जवळचे मैवंद भेटते. ते कंदाहारजवळचे. २७ जुलै १८८० रोजी तिथे इंग्रजांच्या फौजेचा सपाटून पराभव झाला आणि त्या फौजेत मुंबई लष्कराच्या देशी पलटणी होत्या. या तिन्हींचा आपल्या मेमंदशी काही संबंध नाही. एकाच नावाची गावे वेगळी ओळखायची तर देहेस्तान आणि शहरेस्तान सांगावेच लागते. जनगणनेच्या ओळीत इतका लांबलचक पत्ता असतो तो उगाच नव्हे.

दरीच्या टोकाचे गाव म्हणून ते जगापासून तुटलेले होते, असे समजायचे कारण नाही. शहर-ए बाबक हे अठराव्या शतकात निजारी इस्माइली या शिया पंथाच्या इमामांचे ठाणे झाले. हिंदुस्थानातून दर्शनाला आणि धर्मदाय रकमा घेऊन येणाऱ्या खोजा अनुयायांना आखाती बंदरांकडून तिथवर पोहोचणे जुन्या ठिकाणापेक्षा सोपे आणि सुरक्षित पडे, हे त्या स्थलांतरामागचे एक मोठे कारण. त्याच घराण्यातले हसन अली शाह, म्हणजे पहिले आगाखान, केरमानची सुभेदारी, मग बंड, मग कंदाहार अशा वाटेने हिंदुस्थानात आले आणि पुढे मुंबईत स्थायिक झाले. १८८१ मध्ये ते वारले. माझगावातल्या हसनाबादमध्ये त्यांची कबर आहे. पुण्याचा आगाखान पॅलेस त्यांच्या नातवाने बांधला. मेमंदचे मेंढपाळ यात कुठे होते, ते कोणी लिहून ठेवलेले नाही. पण त्यांच्या बाजाराच्या गावात हिंदुस्थानचा पैसा आणि हिंदुस्थानची माणसे ये-जा करत होती, एवढे खरे.

फारसीभाषक हे विशेषणही पत्त्याचाच भाग आहे, कारण इराणमधले प्रत्येक गाव फारसी बोलते ही आपल्याकडची सर्रास समजूत. डोंगरात कोरलेल्या घरांसाठीच प्रसिद्ध असलेले कंदोवान हे गाव तुर्की वळणाची आझरी बोलते. पायऱ्यापायऱ्यांचे पालंगान कुर्दी बोलते. लाल मातीच्या घरांचे अब्यानेह स्वतःची जुनी मध्य-इराणी बोली बोलते. पर्यटनाच्या माहितीपत्रकात ही सगळी शेजारी शेजारी छापलेली असतात आणि मेमंदही त्यांच्यातच असते. मेमंदची बोली मात्र फारसीच आहे. तिच्यात जुने शब्द बरेच टिकले आहेत, असे अभ्यासक सांगतात. इराणची अलीकडची जनगणना मातृभाषा विचारत नाही. त्यामुळे गावाच्या नोंदीत भाषेचा उल्लेख दिसला तर तो जनगणनेतून आलेला नसतो, दुसऱ्या कोणीतरी जोडलेला असतो.

तीन मुक्काम

मेमंदची माणसे शेती-बागायत आणि शेळ्यामेंढ्या या दोन्हींवर जगतात. दोन्हींना पाणी लागते, आणि पाणी एका जागी बारा महिने पुरत नाही. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा म्हणजे तीन मुक्काम.

हिवाळा ओसरला की कुटुंबे दगडी घरे सोडून दक्षिणेकडच्या माळावर उतरतात. या वस्तीला सर-ए आघोल म्हणतात. उन्हाळा तोंडावर येईपर्यंत मुक्काम इथे. चारा ताजा असतो, शेळ्यामेंढ्या व्यालेल्या असतात, दूध-दुभत्याचे काम जोरात असते. इथली घरे दोन तऱ्हेची. मारखाने अर्धे जमिनीत खणलेले, गोल, कडेने बुटकी कोरड्या दगडांची भिंत आणि वर लाकडे टाकून काटेरी झुडपांचे छप्पर. मश्कदान जमिनीवर उभे राहते, तीच चुन्यामातीविना रचलेली दगडी भिंत, पण वर फांद्यांचा निमुळता शंकू. वाऱ्यापासून आडोसा आणि दूध-दह्याला गारवा, एवढीच या बांधकामाकडून अपेक्षा.

मग उन्हाळा. हंगामी ओढ्यांच्या काठी सर-ए बाग वसते. नावाप्रमाणे बागा, फळझाडे, भाजीपाल्याचे लहान वाफे, उतारावर बांध घालून केलेल्या पायऱ्या. पाणी ओढ्याचे, झऱ्याचे आणि कनातीचे. कनात म्हणजे डोंगराच्या पोटातले पाणी हलक्या उताराच्या भुयारातून कित्येक किलोमीटर वाहवत आणायची व्यवस्था. औरंगाबादच्या नहर-ए अंबरीमुळे मराठी वाचकाला तिचे तत्त्व नवे नाही. सर-ए बागेतली घरे सगळ्यात हलकी असतात. दगडी भिंत, लाकडाचा सांगाडा, गवताचे छप्पर. शरदाच्या सुरुवातीपर्यंत राहायचे, फळे उतरवायची, सुकवायची, आणि थंडी पडू लागली की पुन्हा दरीत.

दरीतले मेमंद म्हणजे तिसरा मुक्काम, आणि जगाला फक्त हाच ठाऊक आहे. डोंगराच्या मऊ खडकात आडवी कोरलेली घरे एकावर एक अशी पाच थरांपर्यंत चढत जातात. समोरची वाट थोडी खोदून आत गेले की एका छोट्या खोदीव अंगणाभोवती दारे. एका घरात एक खोली असू शकते, सातही असू शकतात. काही राहायला, काही साठवणीला. अशी जवळपास ४०० घरे ओळखता आली आहेत. त्यातली १२३ अखंड उरली आहेत, असे युनेस्कोच्या नोंदीत म्हटले आहे. मशीद, हमाम, मोहरमसाठीचे हुसैनिया, शाळा, सारे त्याच खडकात. आतल्या भिंती काळ्याकुळकुळीत, पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींच्या धुराने. बाहेर बर्फ असताना आत विस्तव पेटवला की खडक ऊब धरून ठेवतो.

इथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. असा खडक उन्हाळ्यातही आतून थंडच असतो. म्हणजे उकाडा असह्य होतो म्हणून लोक घर सोडतात, असे नाही. ते चाऱ्यामागे आणि पाण्यामागे जातात. घर कितीही सोयीचे असले तरी जित्राब जिथे जगेल तिथे माणसाने जायचे, हा हिशेब. युनेस्कोनेही वर्णन करताना नुसत्या कळपाच्या नव्हे, तर माणसांच्या हलण्यावर बोट ठेवले आहे.

बारा हजार वर्षांची सलग वस्ती, हा दावा मेमंदबद्दलच्या जवळजवळ प्रत्येक लेखात असतो. मला तो मोकळेपणाने मान्य करता येत नाही. परिसरात फार जुन्या मानवी खुणा सापडणे वेगळे आणि ही घरे तेव्हापासून अखंड नांदती असणे वेगळे. गंमत म्हणजे २०१५ मध्ये जागतिक वारसा यादीत मेमंद आले ते प्राचीनतेच्या जोरावर आलेच नाही. ते आले सांस्कृतिक भूदृश्य म्हणून, पाचव्या निकषाखाली. जमीन वापरण्याची एक पारंपरिक पद्धत, जी आता मोडू पाहते आहे, तिचा उत्तम नमुना म्हणून. नोंदलेला भाग सुमारे ४९५४ हेक्टर आहे, म्हणजे सात किलोमीटर बाजूच्या चौकोनाएवढा. त्याभोवती ७००० हेक्टरांचा राखीव पट्टा. गुहांची दरी या सगळ्यात एक कोपरा आहे.

म्हणजे ‘मेमंद कुठे आहे?’ याचे जनगणनेचे उत्तर एक ठिपका आहे आणि वारसा यादीचे उत्तर पन्नास चौरस किलोमीटर. माझ्या मते दुसरे जास्त बरोबर.

६७३ म्हणजे कोण

आता आकड्याकडे. २००६ ची जनगणना इराणी पंचांगाच्या आबान महिन्यात झाली, आपल्या हिशेबाने ऑक्टोबर संपता संपता सुरू होऊन नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. २०११ चीही आबानमध्येच. २०१६ ची मेहर आणि आबान मिळून. मेमंदच्या वर्षात हा काळ नेमका उंबरठ्यावरचा आहे. बागांचा हंगाम संपलेला, गुहांचा सुरू होतो आहे. गणक जर महिन्याच्या सुरुवातीला आला तर काही घरे अजून बागेत, शेवटी आला तर बहुतेक दरीत.

पण जनगणना त्या रात्री कोण कुठे झोपले ते मोजत नाही. ती कुटुंबाचे नेहमीचे राहण्याचे ठिकाण विचारते. वर्षाचे काही महिने माळावर, काही बागेत, काही दगडी घरात राहणाऱ्याने या प्रश्नाला काय उत्तर द्यावे? व्यवहारात तो ‘मेमंद’ असेच सांगणार. तिन्ही मुक्काम त्याच्या लेखी मेमंदच आहेत. इथे नियमाची आणि माणसाची समजूत योगायोगाने जुळते आणि ६७३ हा आकडा तयार होतो. माझ्या वाचनात त्या आकड्याचा अर्थ ‘दरीत राहणारे’ असा नाही, ‘मेमंदला आपले घर म्हणणारे’ असा आहे.

आकड्याच्या आतही बघण्यासारखे आहे. ६७३ ला १८१ ने भागले तर कुटुंबामागे ३.७ माणसे येतात. त्याच जनगणनेत इराणची सरासरी कुटुंबामागे चारच्या आसपास होती, आणि खेड्यांतली कुटुंबे सहसा शहरांतल्यांहून मोठी असतात. पशुपालकांच्या खेड्यात ती सरासरीपेक्षा लहान निघावीत, याचा सरळ अर्थ असा की कर्ती आणि शिकणारी पिढी आधीच दुसरीकडे होती. म्हाताराम्हातारी मागे राहिलेली घरे कुटुंब म्हणून मोजली जातात, पण माणसे दोनच भरतात.

दुसरा ताळा घरांचा. कुटुंबे १८१ आणि अखंड दगडी घरे १२३. हे दोन आकडे वेगवेगळ्या वर्षांचे आहेत, म्हणून वजाबाकी करून निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल. तरीही सगळी १८१ कुटुंबे एकाच हिवाळ्यात गुहांत नांदत होती, असे चित्र यातून उभे राहत नाही. अलीकडच्या पत्रकारांच्या वृत्तांतांत गावात राहणाऱ्यांचा आकडा दीडशेच्या आसपास येतो. आंतरजालावर ६७३ आणि दीडशे हे दोन आकडे भेटले की वाचक एकाला चूक ठरवतो किंवा गाव दहा वर्षांत तीन चतुर्थांश ओस पडले म्हणून हळहळतो. दोन्ही घाई. पहिला आकडा नियमाने केलेल्या गणतीतला, दुसरा भेट देणाऱ्याला समोर दिसलेल्या माणसांचा. ते एकाच गोष्टीचे आधीचे आणि नंतरचे माप नव्हे.

मग मेमंदची माणसे भटकी म्हणून वेगळी का मोजली नाहीत? इराणमध्ये स्थलांतर करणाऱ्या पशुपालक टोळ्यांची, अशायेरांची, स्वतंत्र जनगणना होते. १९८७, १९९८ आणि २००८ मध्ये ती झाली आणि त्यांची संख्या साधारण बारा लाखांच्या घरात भरली. पण त्या व्याख्येत बसायला टोळीची बांधणी लागते, उपजीविका मुख्यतः जनावरांवर हवी आणि हिवाळी-उन्हाळी कुरणांमध्ये कूच हवे. बख्तियारी किंवा कश्काई कुटुंबे शेकडो किलोमीटर चालतात. मेमंदकर चालतात ते आपल्याच दरी-माळाच्या परिघात, त्यांची बाग आहे, कनातीच्या पाण्यात वाटा आहे आणि दरीत दगडात कोरलेले घर आहे. म्हणून कागदोपत्री ते स्थायिक खेडूत.

आपल्याकडे फलटण-माण भागातल्या मेंढपाळ धनगरांचे असेच होते. भारतातली जनगणना फेब्रुवारीत होते आणि तेव्हा त्यांचे वाडे, म्हणजे कळपासोबतचे तळ, कोकणात किंवा वाटेवर असतात. गावच्या यादीत नाव, माणूस घाटाखाली. फरक इतकाच की धनगराचे गाव त्याच्या मागे एका जागी उभे राहते. मेमंदमध्ये रिवाज पाळला गेला तर गावच उठून जाते.

इराणचा कायदा या बाबतीत जनगणनेपेक्षा शहाणा निघाला, हे मला या प्रकरणातले सगळ्यात रंजक वाटते. १९८३ च्या जुलैत मंजूर झालेल्या प्रादेशिक विभागांच्या कायद्यात गावाची व्याख्या आहे. स्वतःची हद्द, किमान २० कुटुंबे किंवा १०० माणसे, एकवटलेली असोत वा विखुरलेली, आणि त्यांचा निवास कायमचा असो वा हंगामी. ‘विखुरलेली’ आणि ‘हंगामी’ हे दोन्ही शब्द मसुदा लिहिणाऱ्याने डोळसपणे घातलेले दिसतात. या कायद्याने मेमंद तिन्ही मुक्कामांसकट एकच गाव ठरते. जनगणनेची गाववार कोष्टके मात्र आबादीगणिक ओळ मागतात, आणि ज्या आबादीत तीन किंवा त्याहून कमी कुटुंबे सापडली तिचा आकडा छापायचा नाही, तिथे खूण करून सोडायचे, असा रिवाज आहे. माळावरची एखादी चारदोन घरांची वस्ती वेगळी आबादी म्हणून नोंदली गेली असेल तर ती कोष्टकात असून नसल्यासारखी. कायदा जे एकत्र बांधतो ते कोष्टक सुटे करते.

२० कुटुंबांचा उंबरठा नुसता व्याख्येपुरता नाही. गावाचा कारभार पाहणारी देहयारी स्थापन करायची, गावठाणाचा आराखडा करायचा, अशा कामांतही तोच उंबरठा पुढे येतो. त्यामुळे शहरात राहायला गेलेल्या माणसानेही आपली नोंद गावात असावी असे वाटून घेणे स्वाभाविक आहे. मेमंद या उंबरठ्याच्या बरेच वर आहे. केरमानच्या डोंगरांतल्या पुष्कळ वाड्या तेवढ्या सुदैवी नाहीत.

कोण गेले, कशाला गेले

देशाचे चित्र आधी. १९५६ मध्ये इराणचे तिसऱ्या हिश्शाहूनही कमी लोक शहरात होते. २०१६ मध्ये आठ कोटींपैकी ७४ टक्के. मेमंदमधून माणसे गेली ती याच प्रवाहात. शहर-ए बाबकमध्ये माध्यमिक शाळा, दवाखाना, दुकाने. शिवाय तालुक्यात मेदुकची तांब्याची खाण. महिन्याला पगार देणारी खाण आणि पावसावर हेलकावे खाणारा कळप यांत तरुणाने काय निवडावे, हे सांगायला समाजशास्त्रज्ञ लागत नाही. त्यात कोरडी वर्षे. ओढा लवकर आटला की सर-ए बागेचा मुक्काम आखडतो, चारा विकत घ्यावा लागला की कळप लहान होतो.

राहिलेले आणि गेलेले यांखेरीज रस्ता आणि पिकअप यांनी माणसांचा आणखी एक तिसराच प्रकार जन्माला घातला आहे. पस्तीस किलोमीटर म्हणजे गाडीने तासाभराची वाट. शहरात बिऱ्हाड ठेवून माळावरच्या कळपाकडे जाऊन-येऊन लक्ष देणे आता शक्य आहे. असा माणूस शहरात मोजला जातो, त्याची उपजीविका गावात असते, आणि सणासुदीला नवरोजच्या सुट्टीत त्याची मुलेबाळे गुहेतल्या घरी उतरतात. त्याला ६७३ मध्ये धरायचे की नाही? जनगणनेच्या नियमाने नाही. कनातीच्या पाण्याच्या पाळीत मात्र त्याचे नाव असेल.

२००१ च्या सुमारास इराणच्या सांस्कृतिक वारसा संघटनेने इथे आपले ठाणे टाकले, पडझड झालेली घरे सावरायला घेतली. २००५ मध्ये सांस्कृतिक भूदृश्यांच्या जतनासाठी दिला जाणारा मेलिना मर्कुरी पुरस्कार मेमंदला मिळाला. मग २०१५ ची यादी. पाहुणे येऊ लागले. काही दगडी घरे पाहुण्यांच्या मुक्कामासाठी सजली. जमिनीवर गालिचे, भिंतीत दिवे. घरमालकाला रोख पैसा दिसला.

यात वाईट काय, असे कोणी विचारील. माणसे गावात टिकतात हे चांगलेच. पण युनेस्कोने जे नोंदले ते दगडी घर नव्हे, तीन मुक्कामांची पद्धत. यादीच्या मजकुरातच ही पद्धत नाजूक झाल्याची कबुली आहे. आता समजा एखाद्या कुटुंबाने शेळ्या विकल्या, माळावरचे मारखाने पडू दिले, बाग वाट्याने दिली आणि गुहेत बारमाही राहून पाहुणे ठेवायला सुरुवात केली. जनगणनेच्या खात्यात हे कुटुंब आदर्श ठरेल. पक्का पत्ता, कायम निवास, गणकाला कधीही दार उघडे. अशी पन्नास कुटुंबे झाली तर मेमंदची लोकसंख्या वाढलेली दिसेल, ठिपका अचूक होईल, आणि ज्या कारणासाठी गाव जागतिक यादीत गेले ते कारण संपलेले असेल. उलट बाजूने, कळप आणि बाग राखणारी मोजकी घरे मुलांच्या शाळेसाठी शहरात बिऱ्हाड करून हंगामाला फिरत राहिली, तर पद्धत जिवंत राहील आणि कोष्टकात गाव ओस पडत चालल्याचे दिसेल.

मेमंदची प्रकृती बघायची तर लोकसंख्येच्या रकान्याऐवजी मी दुसरेच काही विचारीन. यंदा हिवाळा सरल्यावर सर-ए आघोलला किती चुली पेटल्या, सर-ए बागेत किती, आणि थंडीत किती घरे दरीत परतली. गाववार कोष्टकांत माणसे, कुटुंबे, साक्षर, कामकरी असे रकाने असतात. हा नसतो. वारसा ठाण्यातल्या कर्मचाऱ्याला वर्षातून तीनदा माळ, बाग आणि दरी फिरून तो भरता येईल. सगळे मिळून पन्नास चौरस किलोमीटरच तर आहे.